अकरा गोळ्या

तांबट लेनमध्ये शिरलं की डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात.
ठणठण, ठणठण, मध्येच एखादा बद्द.
वडनेरेमामा मान वर न करता सांगतात,
"बद्द वाजलं ना, तिथं पत्रा दमलाय."

मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळते.
"हातोडी ठेवा जरा."
"हातोडी थांबली की चूल थांबते, सिस्टर."
फुगा दाबते. शेजारच्या दुकानातली ठणठण
माझ्या नळीत शिरते.
कुठला ठोका हंड्याचा, कुठला मामांच्या रक्ताचा,
कळत नाही. म्हणून हल्ली मी
लेन जेवायला बसते तेव्हाच येते.

एकशे बहात्तर. खालचं एकशे चार.
"पण मला होत काहीच नाही!
डोकं नाही, चक्कर नाही.
परवा सोमेश्वरला सायकलवर जाऊन आलो."

मीही मग हुशारी केली.
म्हटलं, मामा, गिऱ्हाईक म्हणतं
पातेलं चकचकतंय, कल्हई कशाला,
तेव्हा तुम्ही काय सांगता?
"सांगतो, बाई, आतलं तांबं दिसायला लागलं
म्हणजे उशीर झाला."
मग?
मामा हसले. "कळलं हो. कळलं तुमचं."
केंद्रावर येऊन वहीत लिहिलं:
समुपदेशन केले. रुग्णास पटले.

पुढच्या महिन्यात पाकीट सापडलं
फळीवर, नवसागराच्या डब्यामागे.
तिसांतल्या अकरा गोळ्या तशाच.
एकशे अडुसष्ट.
मी आवाज चढवला. लकवा काढला, किडनी काढली,
सिव्हिलमधला तोंड वाकडं झालेला माणूस काढला,
जो नव्हताच, मी तिथल्या तिथे तयार केला.
मामा पत्र्याकडे बघत राहिले.

बोलल्या त्या कुसुममामी, पडद्याआडून.
"ते नाही सांगायचे. बाईमाणसाला कसं सांगतील?"

नऊला गोळी. साडेनऊला लघवी.
दहाला परत, अकराला परत.
दुकानाला मोरी नाही.
जायचं म्हणजे थेट गंगेवर, पायऱ्या उतरून,
गुडघे हे असे,
आणि भट्टीवर भांडं तापत टाकून.
म्हणून ऑर्डर असली की त्या दिवशी गोळी नाही.
लग्नसराईत तर आठवडाच्या आठवडा नाही.
"एकदा मधल्या पायरीवरच..."
मामींनी वाक्य तिथंच सोडलं.
मामांनी एक हातोडी उचलली, मग दुसरी,
कशानेच काही ठोकलं नाही.

एवढंच होतं.
सहा महिने मी कल्हईवर बोलत होते.

डॉक्टर म्हणाले, हे यांनी आधी का नाही सांगितलं?
मी म्हटलं, आपण विचारलं नाही.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पाण्याची गोळी खोडून दुसरी लिहिली,
आणि म्हणाले, रात्री, जेवण झाल्यावर.

आता नवीन घरी गेले की पट्ट्याच्या आधी विचारते,
गोळी घेतल्यावर काय काय होतं?
लाजतात. मी थांबते.
कुणी म्हणतं खोकला, कुणी म्हणतं पाय सुजतात,
एक म्हातारी म्हणाली, सून मोजते, त्याचा राग येतो.
तेही लिहून घेते. वहीत त्याला रकाना नाही,
समासात लिहिते.

परवा मामांकडे गेले.
भट्टीजवळ खिळ्याला तांब्याची एक चिपटी लटकवलेली,
तळहाताएवढी.
तिच्यावर मठारकामाचे ठिपके, ओळीनं.
"रोज रात्री गोळी घेतली की एक ठोका," मामी म्हणाल्या,
"शेजारी वैतागलेत."
मी मोजले. अठ्ठावीस.
मध्ये दोन जागा गुळगुळीत.

"पुतणीचं लग्न होतं, येवल्याला,"
मामा म्हणाले. "डबी इथंच राहिली.
खोटा ठोका नाही मारला."

एकशे चव्वेचाळीस. खालचं ब्याण्णव.
वहीत लिहिलं:
अठ्ठावीस. दोन कोऱ्या.